कोणती बाजू

अंजनाचा निकाल 'उत्कृष्ट' लागला. नागपूरच्या पाच डॉक्टरांनी एकमेकांचं न पाहता, वेगवेगळं बसून तसा शेरा दिला होता. शाळेत भूगोलाच्या बाईंनी तिला एकदा 'साधारण' दिला होता, त्यानंतर तिच्या कुठल्याच गोष्टीवर कुणी शेरा मारण्याची तसदी घेतली नव्हती. आता हे काही झालंच नाही असं समजून पुढे चालायचं. अंजना चार वर्षं तशीच चालत आली होती आणि तिचं कुठे अडलं नव्हतं. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण ते पित्ताशयातल्या खड्यांचं. खडे तर सगळ्या मुर्री गावाने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

गोंदियाकडे खड्यांचं ऑपरेशन झालेला माणूस घरी आला की भेटायला येणारे आधी बाटली पाहतात, मग माणूस. डॉक्टर खडे छोट्या बाटलीत घालून देतात, ती बाटली शोकेसमध्ये राहते, आणि चहा होईस्तोवर पाहुणे ती उजेडाकडे धरून हलवतात. खड्यांची थाप मारताना अंजनाच्या आणि ताराचंदच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. नागपूरहून परतल्यावर बचत गटाच्या अध्यक्ष सुशिलाबाई दारात पाऊल टाकताच म्हणाल्या, "दाखव माय, किती निंगाले?" तेव्हा अंजना खाटेवर पडल्या पडल्या छताकडे पाहत राहिली आणि ताराचंद म्हणाला, "बाटली गाडीतच राहिली, उद्या आनतो." ताराचंद एका राइस मिलच्या धर्मकाट्यावर कामाला. धानाचे ट्रक तोलायचे आणि पावती फाडायची, एवढं त्याचं काम. खोटं बोलण्याची सवय त्या कामात लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली, मोटरसायकल काढली, थेट बोदलकसाला गेला आणि तलावाच्या काठावर बसून खडे वेचले. त्याने फार मन लावून वेचले. गुळगुळीत, फिकट, एकावर तर पांढरी रेघसुद्धा होती. सुशिलाबाईंनी बाटली हलवली, पुन्हा हलवली. "बाई बाई, हे का पोटातले होत? तुया पोटात का नदी होती का वो?" शेजारची अल्का म्हणाली, तिच्या नणंदेचे पिवळे होते. मग खड्यांच्या रंगावर तासभर चर्चा रंगली, आणि अंजना उशीला टेकून, डावा हात अंगाशी धरून, ती ऐकत राहिली. दुखत होतं काखेत, आणि बाया तिच्या पोटाकडे दयेनं पाहत होत्या. आपल्या शरीरात काही वेगळंच राहतं आणि लोक भलत्याच दारावर थाप देतात, ही गोष्ट तिला तेव्हा थोडी गमतीची वाटली होती. गंमत टिकली नाही. बाटली टिकली.

निकाल कळला ती आठ मार्चची गोष्ट, साल दोन हजार अकरा, ऑपरेशनला चार वर्षं झाल्यावरची. गोंदियातल्या एका सभागृहात महिला दिनाचा कार्यक्रम होता आणि नागपूरहून एक डॉक्टरबाई व्याख्यानाला येणार होत्या. बचत गटाच्या सगळ्या बायांना यायचं फर्मान होतं. नाश्त्याची पाकिटं होती म्हणून फर्मान पाळलंही गेलं. अंजना सभागृहात शिरली की आधी पंखे पाही. वारा कुठून येतो, कुठे जातो, हे बघून शेवटच्या टोकाला, जिथून पुढे वारा कुणाकडे जात नाही, अशी खुर्ची धरी. तिच्या अंगाला कसलाही वास नव्हता. डॉक्टरांनी जखम अशी शिवली होती की दोन महिन्यांत रेघसुद्धा शोधावी लागे. तरी वारा पाहिल्याशिवाय तिला बसवत नसे, आणि त्याचं कारण चिचगडला, तिच्या लहानपणात, गोठ्यामागच्या एका बाजेवर बसलेलं होतं. ते सभागृहात कधी येत नसे. त्या दिवशी मात्र ते तिच्या आधी येऊन बसलं असावं. नंतर तिला तसं वाटलं.

डॉक्टरबाई गोड होत्या. त्यांनी आधी घाबरायचं नाही असं सांगितलं आणि मग घाबरवणारी पुष्कळ माहिती दिली. हल्ली अख्खी बाजू काढावी लागत नाही, वेळेत आलं तर गाठ तेवढी काढतात, बाकीचं राहतं, वरून किरणांचा शेक देतात, म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. गळ्यापासून कमरेपर्यंतची एक बाई. चेहरा नाही. हात कमरेवर. मागे निळी चादर. खाली एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन असे आकडे. सभागृहात पाकिटांची कुरकुर थांबली. दोनतीन बायांनी पदर तोंडाला लावला, एकीने तो डोळ्यांवर घेतला आणि पदरातून पाहू लागली. "लाजायचं काही नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला सांगा, हिच्या कोणत्या बाजूचं ऑपरेशन झालंय? एक की दोन? हात वर करा."

सुशिलाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला, क्षणभर पाहिलं आणि हात वर केला. "एक नंबर. दिसतेच ना. लोंबून राहिलं बिचारं." त्यांचा हात वर गेला आणि मागे सगळ्या गटाचे हात वर गेले. हे काही विचार करून होत नाही. बचत गटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंचा हात वर गेला की तीन सेकंदांत सगळ्यांचे जातात. सचिव म्हणून अंजनाच इतिवृत्त लिही, आणि 'ठराव एकमताने मंजूर' ही ओळ ती बैठकीला निघण्याआधी घरीच लिहून नेई, तेवढीच वेळेची बचत. त्यामुळे अंजनाचाही हात वर गेला. खोटं कशाला बोला, तिलाही एक नंबरच वाटला होता. दोन नंबरची बाजू नीट, वर, गोल, तरुण दिसत होती. एक नंबरची वयाला आली होती. हात वर असतानाच तिची नजर फोटोतल्या बाईच्या दंडावर गेली. दंडावर गोंदण होतं. विंचू. त्या विंचवाला पुढचा एकच चिमटा होता.

तसा विंचू साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल. चिचगडच्या बाजारात गोंदणारीण सुया घेऊन बसली होती, रुख्मामावशीने अंजनाला तिच्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "विंचू काढ, पोरीले भेव नाही लागत मंग." विंचू काढता काढता पोर इतकी घाबरली की एक चिमटा झाल्यावर मावशीच्या हातातून निसटून मोहाच्या ढिगाऱ्यामागे पळाली आणि परत आली नाही. अर्धा विंचू दंडावर राहिला. तोच आता सभागृहाच्या पडद्यावर माणसाएवढा मोठा होऊन, एका चिमट्याने, सगळ्या बायांकडे पाहत होता.

"सगळ्यांचं चुकलं," डॉक्टरबाई आनंदाने म्हणाल्या. "ऑपरेशन दोन नंबरचं आहे. एक नंबरला काहीच झालेलं नाही. आम्ही हा फोटो पाच तज्ज्ञांना दाखवला, पाचही जणांनी 'उत्कृष्ट' दिलं. दिल्लीला दाखवला, बँकॉकला दाखवला, तिथेही लोक चुकले. हेच आमचं यश. आणि महत्त्वाचं म्हणजे रुग्ण पूर्ण समाधानी आहे." टाळ्या पडल्या. सुशिलाबाईंनी हरल्याचं मनावर न घेता सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या. अंजनाने वर गेलेला हात खाली आणला, दुसरा त्याला जोडला आणि वाजवू लागली. ती नागपूरपलीकडे कधी गेली नव्हती. नागपूरलाही दरवर्षी दीक्षाभूमीला, आणि त्या वर्षी दवाखान्यात. बँकॉकला जाऊन आली होती हे तिला आत्ता, टाळ्या वाजवताना, कळत होतं.

फोटो काढला तो दिवस तिला आठवला. एक पोरगेलासा डॉक्टर कॅमेरा घेऊन आला होता, तिच्याकडे न पाहता कॅमेऱ्याकडे पाहत बोलत होता. हात कमरेवर ठेवा, खांदे सैल सोडा. फोटो म्हटल्यावर अंजना सवयीने हसली. रेशन कार्डाच्या फोटोत हसली होती, लग्नाच्या फोटोत हसली होती, मेलेल्या सासऱ्याशेजारी बसून काढलेल्या फोटोतही चुकून थोडी हसली होती. पोरगा म्हणाला, "हसू नका म्हणजे... हसा, पण चेहरा येत नाहीये." मग तिने हसू आवरलं, पण पुरतं आवरलं नाही, वाया गेलं तरी घरचंच आहे, असू दे. तिला वाटलं हा फोटो केसपेपरला लावतात. सही मागितली तिथे तिने सही केली. मग ओळीत उभं राहून ती याच डॉक्टरबाईंपुढे गेली, आणि बाई म्हणाल्या, "काय मग, समाधानी आहात ना?" मागे ओळ होती. बाहेर ताराचंद गोंदियाच्या गाडीची तिकिटं मुठीत धरून उभा होता. आणि ज्या बाईने मरणाच्या दारातून ओढून आणलं तिला, जरा दगडासारखं लागते, थंडीत आतून कुणी चिमटा घेतल्यागत होते, हे सांगणं म्हणजे जेवू घातलेल्या घरी भाजीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याने विचारलं, कसं झालं, की एकच उत्तर असतं. अंजना म्हणाली, "हो जी, लई छान झालं." ते उत्तर बाईंनी घेतलं, आणि तेही बँकॉकला गेलं.

चहाच्या वेळी सुशिलाबाई अंजनाचा हात धरून डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. मोठ्या माणसाजवळ उभं राहणं हा त्यांचा छंद होता आणि सोबतीला सचिव लागे. डॉक्टरबाईंनी अंजनाकडे पाहिलं, तोंडभर हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत कुठेही काही हललं नाही. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशा, त्यांच्यासाठी अंजना गळ्याखाली सुरू होत होती. "नाव काय तुमचं?" "अंजना." "छान नाव आहे." अंजनाच्या ओठांवर आलं, मॅडम, ती मीच. पण डाव्या हाताला सुशिलाबाई होत्या, आणि सुशिलाबाईंच्या कानात गेलेली गोष्ट मुर्रीच्या पाण्याच्या टाकीवर रंगवल्यासारखी होते. तिने दुसऱ्या वाटेने जायचं ठरवलं.

"मॅडम, त्या बाईले विचारलं का तुमी? मंजे तिले कसं वाटते मून."

"विचारलं ना. सांगितलं की आत्ता, पूर्ण समाधानी."

"तिनं सोता सांगतलं?"

"स्वतः."

"मंग खोटं सांगतलं असन."

सुशिलाबाई खो खो हसल्या. "तुले का माहीत वो? तू का तिची जाऊ होयस का?"

"नाही," अंजना म्हणाली. "तोंडावरून वाटलं मले."

"तोंड कुठंय फोटोत," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आता सगळ्याच हसल्या. अंजनाही हसली. हसू आलं आणि या वेळी चेहराही होता, पण कॅमेरा नव्हता. डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि गंभीर होऊन म्हणाल्या, "तुम्ही नियमित तपासता ना स्वतःला? घाबरायचं नाही. हल्ली रिझल्ट फार चांगले येतात." त्यांचा हात त्या विंचवापासून चार बोटांवर होता. मधे फक्त ब्लाउजची बाही होती.

परतताना शेअर ऑटोत अंजनाने मागची कडेची जागा घेतली, वारा बाहेर जातो ती. ऑटो भरला आणि सुटला, आणि रेल्वेच्या पुलाखालून जाताना तिच्या लक्षात आलं की फोटोतली ती बाई पण चढली आहे. गळ्यापासून कमरेपर्यंत, हात कमरेवर. कोपरं बाहेर काढून बसल्यामुळे तिला दोघींची जागा लागत होती, पण ऑटोवाल्याने पैसे मागितले नाहीत. डोकं नसल्यामुळे ती कुणाकडे पाहत नव्हती, हा एक दिलासा. "कहाँ उतरना है दीदी?" ऑटोवाल्याने विचारलं. "मुर्री," अंजना म्हणाली, आणि शेजारची काही म्हणाली नाही म्हणजे तिलाही मुर्रीलाच उतरायचं असणार.

ती फोटोतली बाई घरी आली. स्वयंपाकघरात उभी राहू लागली. जेवत नसे, बोलत नसे, पातेली घेताना वाटेत येई. तिच्या मागोमाग रुख्मामावशी आली. पण मावशी तिच्या मागे आली की ती आधीपासून होतीच आणि आता उजेड पडल्यामुळे दिसू लागली, हे अंजनाला सांगता आलं नसतं. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिच्या छातीत गाठ झाली तेव्हा चिचगडला त्या गोष्टीला नाव नव्हतं. गाठ पिकेल, फुटेल, बरी होईल असं सगळे म्हणत, आणि ती पिकली, फुटली, बरी मात्र झाली नाही. मावशी हळद लावून पळसाचं पान बांधी. मग वास येऊ लागला तसं तिने स्वतःच आपली बाज गोठ्यामागे नेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. कुणी राहाही म्हटलं नव्हतं. भाकर घेऊन जायचं काम अंजनाचं. पोर येताना दिसली की मावशी चुलीतली चिमूटभर राख उचलून हवेत सोडी, राख कुठे जाते ते पाही आणि मग बोटाने दाखवी, "इकडून बस. वारा तिकडे जाऊन राहिला." अंजना दाखवलेल्या जागी बसे. मावशी गोष्ट सांगे, मधेच थांबे, राख सोडे, "आता इकडे सरक." एका गोष्टीत अंजना बाजेभोवती अर्धी प्रदक्षिणा करून येई. तो खेळ वाटे. मावशी मेली तेव्हा अंजनाला आधी आठवली ती राख, की आता कोण सांगेल कुठे बसायचं.

मावशी आणि ती बिनचेहऱ्याची बाई, दोघींचं आपसात काही बोलणं नव्हतं. मावशीकडे एक पान होतं आणि त्या बाईकडे पाच डॉक्टरांचा शेरा होता. ओळख निघावी अशी काही सोय नव्हती. दोघी अंजनाच्या दोन बाजूंना उभ्या राहत आणि न्हाणीघरात ती कपडे काढू लागली की वाट पाहत, की ही आता काय करते. अंजना पाहत असे. आधी चार वर्षं पाहत नव्हती. अंधारात पाणी घेई, साबण लावताना डाव्या बाजूला हात लावताच तो भिंतीला लागल्यासारखा काढून घेई. आता दिवा लावून पाही. डावी बाजू उत्कृष्ट होती. टापटीप, ताठ, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीसारखी, आणि तेवढीच परकी. हिवाळ्यात तिच्यावर बोट ठेवलं तर बोटाला ती कळे, तिला बोट कळत नसे. एकदा कढी उतू जाऊन शिंतोडा ब्लाउजवर पडला होता. डाव्या बाजूने काही कळवलंच नाही, संध्याकाळी न्हाताना फोड दिसला. अशा पोरीबद्दल शाळेतून तक्रार येत नाही. आणि उजवी, जिला आजवर काहीही झालं नव्हतं, जिने लेकीला, दीप्तीला पाजलं होतं, जी आपल्या मनाने हळूहळू वयाला येत होती, तिच्यावर भर सभागृहात आरोप ठेवला गेला होता. एकमताने. अंजनाच्या हातासकट. अंजना तिला चाचपू लागली. आज काही नाही. उद्या असेल. एवढ्या बाया म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच. पाचच डॉक्टर एका बाजूला, आणि सगळा गट, दिल्ली आणि बँकॉक दुसऱ्या बाजूला. रात्री ती पूर्वी डावी जपून उजव्या कुशीवर झोपे, आता उजवी जपून डाव्या कुशीवर झोपू लागली, मग दोन्ही जपून पाठीवर. दोघींना बाजूला जागा करून द्यावी तशी, सरळ, हात अंगालगत.

सगळी गडबड ही होती की तिला दुःख करायचं होतं आणि त्याची तिला परवानगी नव्हती. मावशीला होती. मावशीच्या पानाकडे पाहून कुत्रंसुद्धा थांबत असे. अंजना जिवंत होती, नीट शिवलेली होती, आणि उत्कृष्ट होती. आता ही कोणत्या तोंडाने सांगणार की माझं काही गेलं. काय गेलं, दाखव. दाखवायला गेलं तर सगळा गाव उजवीकडे बोट करतो. एकच माणूस असा होता ज्याला खरं माहीत होतं, ज्याने दवाखान्यातल्या कागदावर सही केली होती, बोदलकसाचे खडे वेचले होते. आणि तो माणूस चार वर्षं भिंतीकडे तोंड करून झोपत होता. शर्ट बदलायलाही ओसरीवर जाई. अंजना म्हणे, त्याला किळस येते, आणि हे ती मनात इतक्या वेळा म्हणाली होती की आता ते विचारायची गरज उरली नव्हती. पण सभागृहानंतर गरज पडली. हात वर करायचा नाही, टाळी नाही, निकाल नाही. एका माणसाने नुसतं पाहावं आणि म्हणावं, ही. ही बाजू. इथे झालं. एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते ताराचंदने दिलं नाही तर कुणाकडे मागायचं हे तिला माहीत नव्हतं.

एका रविवारी दीप्ती नागपूरला तिच्या हॉस्टेलवर होती. दुपारी जेवणं झाली. ताराचंद ओसरीवर बसून पायाची नखं काढत होता. अंजनाने आतली खिडकी उघडली, ऊन थेट फरशीपर्यंत आलं, आणि हाक मारली.

"दीप्तीचे बाबा, इकडे या जरा."

"का झालं? साप निंगला का?"

"नाही. या."

तो आला तशी तिने त्याच्यामागे दार लावून कडी घातली. ताराचंद कडीकडे पाहत राहिला. "खिडकी काऊन उघडून राहिली? ऊन येते ना."

"ऊनच पाहिजे मले." तिने ब्लाउजचे हुक काढले. बोटं नीट चालत होती याचं तिला नवल वाटलं. ताराचंदने ताबडतोब कॅलेंडरकडे पाहिलं आणि कुठला सण आला आहे हे शोधू लागला.

"तिकडे नाही. इकडे पाहा."

"कायले, अंजना?"

"पाहा मनते ना. आनि सांगा, कोनती बाजू."

"कोनती मंजे?"

"कोनत्या बाजूचं झालं माह्यं. तुमीच होते ना तिथं. सांगा."

ताराचंद पाहू लागला. धर्मकाट्यावर ट्रक येतो तेव्हा तो आधी चारी बाजूंनी फिरून चाकं फळीवर नीट आहेत का ते बघे, मगच आकडा वाची. मालक म्हणे, ताराचंद आकडा वाचायच्या आधीच ट्रकचं वजन सांगतो. तसा तो एक पाऊल इकडे गेला, एक पाऊल तिकडे. वाकला. अंजना त्याचे डोळे पाहत होती आणि त्यांत किळस शोधत होती, किळस नव्हती. जे होतं ते तिने यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, दीप्तीच्या वेळी, दवाखान्याच्या दारातून आत पाहताना त्याच्या डोळ्यांत होतं ते. मग त्याने हात पुढे केला. आणि त्याने तो उजव्या बाजूवर ठेवला.

"हे," ताराचंद म्हणाला. "हेच."

अंजनाने तोंड उघडलं, पण तो बोलत होता, आणि बोलत होता तो तिच्याशी नाही, तिच्या उजव्या बाजूशी. "लई भोगलं हिनं. मी पाहत होतो ना. तू बाहीत हात घालताना तोंड वाकडं करे. मी रोज मनत होतो, एकदा हात लावून पाहू, एकदा. पर तुले दुखन मून राहून जाये. मंग मनलं, हिले मी दिसूच नये, भिताडाकडे तोंड करून झोपाव, मंजे चुकून हात लागनार नाही." त्याने दुसऱ्या हाताने नाक पुसलं. "तुले वाटलं असन, मी पाहत नाही. मी अंधारातबी पाहत होतो." त्याचा अंगठा, पावती फाडून फाडून घट्टा पडलेला, उजव्या बाजूवरून हळू फिरला, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात. उजव्या बाजूला सगळं कळत होतं. अंगठ्याची खरखर, ऊब, मधेच थांबणं. तिच्यावर आरोप होता आणि आता तिच्यावर माया चालली होती, आणि दोन्ही तिने केलेल्या कशाहीमुळे नव्हतं. डावी बाजू उन्हात नुसती उभी होती. तिच्यावर खिडकीतला वारा येत असणार. तिला तो कळत नव्हता.

आता म्हणायचं, अहो, ही नाही, ती. चार शब्दांचं काम. अंजनाने ते मनात म्हणून पाहिले आणि त्यानंतर ताराचंदचा चेहरा कसा होईल तेही पाहिलं. हात मागे जाईल. तो खजील होईल, हसेल, मग डाव्या बाजूवर हात ठेवेल, पण हेच बोलणं तो पुन्हा तिकडे बोलणार नाही. ताराचंदसारखा माणूस असं एकदाच बोलतो, आणि चार वर्षं साठवून बोलतो. ते सांडलं की भांड्यात परत भरता येत नाही. आणि तो काही खोटं बोलला नव्हता. फक्त जागा चुकली होती. कोपऱ्यात मावशी उभी होती. तिच्या हातात राख नव्हती, कुठे सरकायचं ते ती सांगत नव्हती.

"हो," अंजना म्हणाली. "तेच."

"दुखते का अजून?"

"तिथं नाही दुखत."

"मंग बरं," ताराचंद म्हणाला, आणि समाधानाने, अगदी पूर्ण समाधानाने, त्याने हात तिथेच ठेवला. अंजना उभी राहिली. बिनचेहऱ्याची बाई खिडकीजवळ, हात कमरेवर, तशीच. ती गेली नव्हती आणि आता जाईल असं वाटतही नव्हतं. अंजना गटाची सचिव होती. काही करता येत नसेल तेव्हा निदान अर्ज करावा ही तिच्या हाताला लागलेली सवय. नवऱ्याचा हात छातीवर आणि डोळे बाहेरच्या उन्हावर, असं उभं राहून ती मनात मजकूर जुळवू लागली, आणि तो भराभर जुळत गेला.

प्रति, हा विभाग ज्यांच्याकडे असेल ते साहेब. विषय : चुकीच्या बाजूस जमा झालेले सांत्वन योग्य बाजूस वर्ग करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराच्या पतीने आज दुपारी चार वर्षांचे एकूण सांत्वन एकाच हप्त्यात अदा केले असून ते अनवधानाने उजव्या बाजूस जमा झाले आहे. सदर बाजूचे कोणतेही नुकसान झालेले नाही. डाव्या बाजूचा निकाल उत्कृष्ट असल्याने तिच्या नावे स्वतंत्र सांत्वन मंजूर होत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. पतीचा यात दोष नसून त्यांच्यावर कारवाई करू नये. तरी सदर सांत्वन, पतीस न कळवता, उजव्या बाजूस दुखणार नाही अशा बेताने, डाव्या बाजूस वर्ग करण्यात यावे, आणि ते पोचल्याचे डाव्या बाजूस कळेल अशी व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.